दिव्याखालचं टेबल

‘हॅलोरन’ जहाजावर सैनिकांच्या जेवणाच्या हॉलात कोपऱ्यातलं एक टेबल कायम रिकामं असायचं. बाकीच्या टेबलांना खेटून माणसं उभ्याउभ्या गिळायची, एकमेकांच्या कोपरांवरून भांडायची, आणि हे टेबल मात्र मोकळं. त्यात गूढ काही नव्हतं. टेबलाच्या बरोबर वर, छताला, परातीएवढा गोल दिवा जडवलेला होता. जेवायला एवढा दिवा लागत नाही. तो कशाला लागतो हे पहिल्या दिवशी जहाजावर चढलेल्या गाढवालाही कळायचं. मग तो आपलं ताट उचलायचा आणि गर्दीत जाऊन उभा राहायचा.

मी त्या जहाजावर पाव भाजायचो. लढाई संपून इतकी वर्षं झाली, तरी लोक मला विचारतात, तुम्ही काय केलंत लढाईत? मी म्हणतो, पाव भाजले. मग ते हसतात. हसा लेको. दीड हजार माणसांचे पाव भाजून बघा आधी, तेही खालची जमीन हलत असताना.

जहाजाचं काम साधं होतं. पोटात सैनिक भरायचे, शत्रूच्या बेटासमोर जाऊन उभं राहायचं, दोन्ही अंगांना दोरांच्या जाळ्या सोडायच्या. सैनिकांनी त्या धरून खाली डुचमळणाऱ्या होड्यांत उतरायचं आणि होड्यांनी त्यांना किनाऱ्यावर नेऊन ओतायचं. ओतायचं हाच शब्द बरोबर आहे, कारण होडीचं तोंड धाडकन पुढे पडायचं आणि आतली माणसं सांडायची. मग त्याच होड्या परत यायच्या त्या जखमी घेऊन. सकाळी आम्ही ज्यांना वाढलं, त्यांच्यातलेच काही दुपारी झोळीतून वर यायचे आणि त्याच हॉलात टेबलांवर आडवे व्हायचे; चिरफाड दिव्याखालच्या टेबलावर. भटारखाना आणि दवाखाना यांच्यात एक दार होतं फक्त.

भटारखान्याचा मुख्य होता ऑगस्ट थिबोडो. लुईझियानाच्या दलदलीतला माणूस, अंगानं पिंप, आवाज भोंग्यासारखा. आरमारात त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. बायको नाही, पोर नाही, म्हणूनच की काय अख्खं जहाज त्याला पॉप म्हणायचं. बाप कुणाचाच नाही आणि सगळ्यांचा. मला तो पिठ्या म्हणायचा. माझं खरं नाव त्याला ठाऊक होतं की नाही याची मला शेवटपर्यंत शंका होती.

पॉपचा एक धर्म होता. प्रवासभर सैनिकांना तो वाट्टेल ते खाऊ घालायचा: घेवड्याच्या बिया, डब्यातलं मांस, अंड्याच्या पुडीचा तो पिवळा लगदा, ज्याला माझ्या मते कुत्र्यानंही तोंड लावलं नसतं. पण उतरायच्या दिवशी पहाटे मात्र स्टेक, म्हणजे तव्यावर भाजलेला मांसाचा जाड तुकडा, आणि खरी अंडी. हा आरमाराचा जुना रिवाज होता आणि पॉप तो जिवापाड पाळायचा. अंड्यांची खोकी थंड कोठीत कुलपात, किल्ली पॉपच्या गळ्यात. कप्तानाच्या स्वयंपाक्यानं एकदा दोन अंडी मागितली तर पॉप त्याच्यावर पळी घेऊन धावला होता.

‘‘फाशी देतात त्यालासुद्धा विचारतात, बाबा रे, काय खाणार,’’ तो म्हणायचा. ‘‘ही तर आपली पोरं.’’

त्या फेरीला सैनिकांतले काहीजण आमच्याकडे बटाटे सोलायला, भांडी घासायला धाडले होते. त्यातला एक लेलँड फॉस. केंटकीच्या डोंगरातला. हाडं मोजून घ्यावीत असा, आणि खायला मात्र बकासुर. माणूस इतकं खातो आणि ते जातं कुठे, हा आमच्या भटारखान्यातला रोजचा वाद होता. बाकीचे सैनिक समुद्र लागून बादलीत तोंड खुपसून बसायचे तेव्हा हा त्यांची ताटं गोळा करायचा.

आणि जेवायचा कुठे? त्याच टेबलावर, दिव्याखाली. एकटा, ऐसपैस.

‘‘अरे मूर्खा, तिथे नको बसू,’’ मी त्याला म्हटलं.

‘‘का?’’

‘‘का म्हणजे? वर बघ की.’’

त्यानं वर पाहिलं. ‘‘बंद आहे ना. मग? इथं निवांत आहे. आमच्या घरी आम्ही नऊ जण एका टेबलावर. कोपर हलवायला जागा मिळाली म्हणून मी सैन्यात आलो, पिठ्या.’’

पिठ्या! पॉपनं ठेवलेलं नाव हा कालचा पोरगा मला हाक मारायला वापरत होता. मी त्याच्या अंगावर ओलं फडकं फेकलं. त्यानं ते झेललं आणि टेबल पुसून परत दिलं.

पॉपशी त्याचं रोज एकच संभाषण चालायचं. सकाळी आला की विचारायचा, ‘‘पॉप, आज अंडी?’’

‘‘आज लगदा.’’

‘‘लगदा कालही होता.’’

‘‘मग तुला चव माहीत आहे. सोल बटाटे.’’

एकदा बटाटे सोलता सोलता त्यानं सांगितलं, की त्याच्या आईनं कोंबड्या पाळल्या होत्या खऱ्या, पण अंडी सगळी दुकानात जायची, रॉकेल आणि मीठ आणायला. घरात अंडं यायचं ते आजाऱ्याला. ‘‘मी एकदा आजारी पडल्याचं सोंग केलं,’’ तो म्हणाला, ‘‘आईनं एरंडेल पाजलं.’’ आम्ही हसून लोटपोट झालो. पॉप हसला नाही. तो हात पुसत त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, ‘‘उतरायच्या दिवशी तुला चार अंडी. आणि स्टेक असा की ताटाबाहेर लोंबेल. थिबोडोचा शब्द आहे.’’

‘‘चार?’’ लेलँडच्या हातातला बटाटा तसाच राहिला.

‘‘चार. आणि खाल्ली नाहीस तर जहाजावरून मीच ढकलीन तुला.’’

मग डॉक्टर आले आणि सगळ्यावर पाणी पडलं.

डॉक्टर व्हिटलो म्हणजे जहाजाचे मोठे सर्जन. किडकिडीत, चष्मा कायम पुसत असलेले, बोलले तर चार शब्द. आधीच्या लढाईत ते दुसऱ्या जहाजावर होते. बेट यायला थोडेच दिवस उरले असताना ते भटारखान्यात आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, ‘‘चीफ, या वेळी स्टेक-अंडी नको.’’

पॉपला वाटलं, डॉक्टर थट्टा करतायत. ‘‘साहेब, तुम्हाला वेगळं काही करून देतो की. अपचन आहे का?’’

‘‘मला नाही. कुणालाच नको. टोस्ट, जाम, गोड कॉफी. बस.’’

‘‘टोस्ट?’’ पॉपचा आवाज चढला. ‘‘माणसं मरायला चाललीत आणि मी त्यांना टोस्ट देऊ? माझ्या जन्मात...’’

‘‘मी तुमच्यामागून वाढतो, चीफ,’’ डॉक्टर शांतपणे म्हणाले. ‘‘तुम्ही पहाटे भरता, मी दुपारी उघडतो. पोटात गोळी लागलेला माणूस रिकाम्या पोटी आला तर मला थोडीतरी आशा असते. भरल्या पोटी आला तर आत काय असतं ते तुम्हाला सांगू? आणि गुंगी दिली की ते वर येतं, त्याच्या श्वासात जातं. मागच्या वेळी माझ्या हाताखाली माणसं गोळीनं नाही, न्याहारीनं मेली.’’

पॉपनं उकळत्या पातेल्याखालची आच कमी केली.

‘‘आणि ज्यांना पोटात नाही लागत?’’ पॉपनं विचारलं. ‘‘जे होडीतच जातात? त्यांनी काय उपाशी जायचं?’’

डॉक्टरांनी चष्मा पुसला. ‘‘त्यांचं मी काही करू शकत नाही. तुम्हीही नाही.’’

दोघंही कप्तानाकडे गेले. कप्तानानं दोघांचं ऐकलं आणि हुकूम निघाला: टोस्ट, जाम, कॉफी. पॉप परत आला तो तोंडात मारल्यासारखा. त्या दिवशी त्यानं माझ्या पावांना नावं ठेवली, बटाट्यांना नावं ठेवली, देवालाही सोडलं नाही. मी म्हटलं, ‘‘पॉप, डॉक्टर म्हणतात त्यात तथ्य आहे.’’ तो माझ्याकडे असा बघत राहिला की मी पुढे तोंड उघडलं नाही.

उतरायची पहाट आली. आमच्या लढाऊ जहाजांनी बेटावर तोफा डागायला घेतलेल्या, प्रत्येक धमाक्याला भटारखान्यातल्या पळ्या किणकिणायच्या. सैनिक जिन्यानं रांगेत खाली येत होते, अंगावर सगळं ओझं, कमरेला गोळ्या, चेहऱ्यांवर तो हिरवट रंग. टोस्टचा ढीग बघून एकेक जण बोंबलत होता.

‘‘हे काय? कुठाय स्टेक?’’

‘‘स्टेक डॉक्टरनं खाल्ला!’’

‘‘जपान्यांना सांगतो, पॉपला पण मारा म्हणून!’’

पॉप मान खाली घालून वाढत होता. कानशिलं लाल. लेलँड रांगेत आला, त्यानं ताटातल्या टोस्टकडे बघितलं, मग पॉपकडे. हसला फक्त. तेच पॉपला सहन झालं नाही असं मला वाटतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘‘जा, तुझ्या टेबलावर जा,’’ पॉप पुटपुटला आणि आत गेला.

मला आतून तव्यावर चरचर ऐकू आली. मी धावत गेलो. ‘‘पॉप, हुकूम आहे! हुद्द्याची पट्टी उतरवतील तुमची!’’

‘‘पिठ्या, तू तुझे पाव बघ.’’

‘‘अहो, पण डॉक्टर...’’

‘‘एक ताट,’’ तो माझ्याकडे न बघता म्हणाला. ‘‘फक्त एक. एवढ्या माणसांत त्यालाच, आणि पोटातच लागणार आहे का? शब्द दिलाय मी.’’

चार अंडी, पिवळं न फुटलेलं. स्टेक खरोखरच ताटाबाहेर लोंबत होता. वर फडकं टाकून पॉप ते स्वतः घेऊन गेला. कोपऱ्यातल्या त्या टेबलाकडे कुणी बघायचंच नाही, तेव्हा कुणी बघितलं नाही. लेलँडनं फडकं उचललं आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मग जेवला. घाई नाही, वखवख नाही, इतका वेळ लावून तो आजवर जेवला नव्हता. शेवटी पावानं ताट असं पुसलं की धुवायची गरज उरली नाही.

वर डेकवर त्यांची तुकडी बोलावली तेव्हा आम्ही कठड्याशी होतो. लेलँड जाळीवर पाय टाकताना वळला आणि पोटावर हात ठेवून ओरडला, ‘‘पॉप! ढेकर किनाऱ्यावर देतो!’’

पॉप इतका हसला की डोळ्यांना पाणी आलं. लेलँड उभे दोर धरून उतरत गेला, होडीत उडी मारली, आणि मग हेल्मेटंच हेल्मेटं दिसत होती, त्यातलं त्याचं कोणतं ते कळेना. होड्या गोल गोल फिरत राहिल्या, मग एका रेषेत झाल्या आणि धुरात गेल्या.

दुपारी आमचं काम बदलायचं. आचारी, वाढपी, मी, सगळे झोळ्या उचलायला. हॉलातली टेबलं धुऊन त्यांच्यावर चादरी घातलेल्या, बादल्या रांगेनं ठेवलेल्या, आणि कोपऱ्यातला तो दिवा लागलेला. त्याच्या उजेडात हॉल ओळखू येत नव्हता. होड्या येत होत्या. पहिल्या होडीतून आलेल्यांत काही नुसते थरथरत होते, काहींना हात नव्हते. रक्ताचा आणि डिझेलचा मिळून एक वास असतो, तो मी सांगू शकत नाही, आणि मला सांगायचाही नाही.

लेलँड तिसऱ्या की चौथ्या होडीतून आला. झोळीचा पुढचा दांडा माझ्या हातात होता, मागचा पॉपच्या. आम्ही ती कठड्यावरून आत घेईपर्यंत आत कोण आहे ते बघितलंच नव्हतं. चेहरा पिठासारखा झालेला. दोन्ही हात पोटावर, आणि हातांखाली पट्टीचा बोळा, काळाकुट्ट भिजलेला.

‘‘पॉप,’’ तो म्हणाला, ‘‘ढेकर राहिलाच.’’

जिना उतरताना झोळी मागून इतकी हलत होती की मला ओरडावं लागलं, ‘‘पॉप, नीट धरा!’’

आधीचा माणूस नुकताच हलवला होता, त्यामुळे आम्हाला सरळ कोपऱ्यातच पाठवलं. लेलँडला टेबलावर ठेवलं. त्यानं डोळे किलकिले करून वर बघितलं. ‘‘लागला की हो,’’ तो दिव्याला म्हणाला.

डॉक्टरांनी पट्टी उचलून बघितली, परत ठेवली. मदतनीस गुंगीच्या ईथरची बाटली आणि नाकावर धरायची कापड लावलेली जाळीची टोपली घेऊन डोक्याशी आला. त्यानं ठरलेला प्रश्न विचारला, ‘‘सकाळी काय खाल्लंस?’’

लेलँडची नजर डॉक्टरांच्या खांद्यावरून मागे गेली. तिथे पॉप उभा होता. मला ती नजर आजही आठवते. दुखण्यानं त्याचं कपाळ घामानं थबथबलेलं, आणि त्यात तो पॉपकडे बघून विचार करत होता.

‘‘टोस्ट, साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘टोस्ट आणि जाम.’’

‘‘छान,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘द्या गुंगी.’’

मदतनिसानं टोपली लेलँडच्या नाकाकडे नेली. मी पॉपकडे बघितलं. तो गोठला होता. मला वाटतं त्याच्या डोक्यात सगळं एकाच वेळी आलं असणार: हुद्द्याची पट्टी, अर्धं आयुष्य, हुकूम, चार अंडी. ईथरचा पहिला थेंब टोपलीच्या कापडावर पडला तेव्हा पॉप असा ओरडला की हॉलातल्या जखमींनी माना वळवल्या.

‘‘थांबा! खोटं बोलतोय तो! स्टेक खाल्लाय! चार अंडी, बटाटे, पाव... मीच दिलं, मी वाढलं!’’

डॉक्टरांचा हात हवेत राहिला.

‘‘पॉपच खोटं बोलतायत, साहेब,’’ लेलँड टेबलावरून म्हणाला. आवाज पार खोल गेलेला. ‘‘त्यांना... नेहमी वाटतं... माझं पोट भरलेलं नाही.’’

‘‘गप्प बस, पोरा! गप्प बस रे!’’ पॉप रडत होता. ‘‘साहेब, सगळं खाल्लंय त्यानं. ताट पुसून खाल्लंय.’’

डॉक्टरांनी मदतनिसाला खूण केली. टोपली बाजूला झाली, रबराची नळी आली. ती लेलँडच्या घशातून खाली घालताना आम्ही दोघांनी त्याचे खांदे धरून ठेवले. तो धडपडला, नळी बाहेर आली, परत घातली. बादलीत जे आलं ते मी बघितलं. पॉपनंही बघितलं. त्याला ओळखू येणार नाही का, त्यानंच तर शिजवलं होतं.

हे सगळं होईपर्यंत वेळ गेला. मग गुंगी दिली आणि डॉक्टरांनी पोट उघडलं. आम्हाला बाहेर हाकललं होतं, पण आम्ही दाराशीच होतो. बऱ्याच वेळानं डॉक्टर हात धुवायला बाहेर आले. बाही कोपरापर्यंत लाल. त्यांनी नाही अशी मान हलवली.

पॉपनं त्यांची वाट अडवली. ‘‘माझ्यामुळे?’’

‘‘चीफ, माझ्यासाठी वीस जण थांबलेत.’’

‘‘साहेब, हो की नाही एवढंच सांगा. मी वाढलं म्हणून?’’

दुसरा कुणी असता तर नाही म्हणाला असता. खोटं का होईना, म्हणाला असता. मी आजही व्हिटलोंवर चिडतो तो त्यासाठी, आणि त्यांचा आदर करतो तोही त्यासाठीच.

‘‘माहीत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘जखम वाईट होती. कदाचित असाही गेला असता. कदाचित नसता. मला खरंच माहीत नाही.’’

संध्याकाळी टेबलं परत जेवणासाठी हवी होती, खलाशांना खायला तर लागतंच. बाकीची आम्ही धुतली. दिव्याखालचं पॉपनं धुतलं. मी फडकं घ्यायला गेलो तर त्यानं हात झिडकारला. घासून घासून टेबलाच्या पत्र्याचा वरचा रंग गेला तरी तो घासतच होता.

मग तो स्वतःच्याच विरुद्ध तक्रार नोंदवायला कप्तानाकडे निघाला. डॉक्टरांनी त्याला जिन्यात गाठलं आणि परत पाठवलं. तक्रार झाली नाही, शिक्षा झाली नाही, पट्टी होती तिथेच राहिली. लोकांना वाटलं, सुटला म्हातारा. मी त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपायचो. सुटला कसला!

यानंतर पॉप बदलला. ओरडणं थांबलं. मला पिठ्या म्हणणं थांबलं. पुढचे सैनिक भरले, पुढचं बेट ठरलं, त्यातल्या एकाचंही नाव त्यानं विचारलं नाही. बटाटे सोलायला आलेल्यांकडे पाठ करून काम करायचा.

त्या पुढच्या बेटाच्या आदल्या दिवशी डॉक्टर पुन्हा भटारखान्यात आले. दारात तसेच उभे, चष्मा पुसत.

‘‘चीफ, मी कप्तानांशी बोललोय. या वेळी तुम्ही ठरवा. स्टेक द्यायचा तर द्या.’’

पॉपनं मान वर केली. ‘‘तुम्ही म्हणताय हे?’’

‘‘मागच्या वेळी पहिल्या रांगेतल्या होड्यांतली निम्मी माणसं किनाऱ्याला लागलीच नाहीत,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘माझ्या टेबलापर्यंत आलीच नाहीत ती. टोस्ट खाऊन गेली. मी सारखा तोच विचार करतोय. तुम्ही विचारलं होतंत, त्यांनी उपाशी जायचं का. द्या त्यांना. मी बघून घेईन.’’

मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. दोन शहाणी माणसं, एकानं दुसऱ्याचं म्हणणं तेव्हा पटवून घ्यायचं जेव्हा त्याचा कुणालाच उपयोग नाही! आणि कुणाचं बरोबर होतं म्हणाल, तर दोघांचंही होतं. त्याचाच मला राग येतो. चूक कुणाची तरी असावी हो, म्हणजे माणसाला शिव्या तरी घालता येतात.

पॉपनं गळ्यातली किल्ली काढून माझ्या हातात दिली. मी थंड कोठी उघडली, स्टेक मोजून वर काढले, अंड्यांची खोकी रचली. पहाटे कामाला लागायचं म्हणून लवकर आडवा झालो.

पहाटे भटारखान्यात आलो तर खोकी परत आत, कोठीला कुलूप, आणि माझ्या पावांचे काप करून टोस्टचे ढिगारे लागलेले. पॉप गेल्या वेळेसारखा वाढायला उभा. किल्ली त्याच्या गळ्यात. माझ्या उशाखालून कधी काढली कोण जाणे.

तोफा सुरू झाल्या होत्या. सैनिक जिन्यानं खाली येऊ लागले. यांच्या कानावर गेलं होतं की आज स्टेक आहे; अशा बातम्या जहाजावर पाण्यापेक्षा वेगानं फिरतात. टोस्ट बघून जो गलका झाला तो मी जन्मात विसरणार नाही. ताटं आपटत होती. कुणी तरी जामची बरणी भिंतीवर फोडली.

‘‘चोर! आमचा स्टेक विकलास कुणाला?’’

‘‘शेवटचं जेवण आहे रे हरामखोरा!’’

पॉप एकेकाच्या ताटात दोन दोन टोस्ट ठेवत होता. एकालाही उलट बोलला नाही. कोपऱ्यातून डॉक्टर बघत होते, पण पुढे आले नाहीत.

रांगेत एक धिप्पाड सार्जंट होता, मोडलेल्या नाकाचा. तो पॉपसमोर आला आणि त्यानं टोस्ट उचलून पॉपच्या छातीवर फेकला.

‘‘म्हाताऱ्या,’’ तो म्हणाला, ‘‘ही माझी तिसरी लढाई. मागच्या दोन्ही वेळी मला स्टेक मिळाला होता. आज काय झालं? आम्ही कोण कुत्री?’’

पॉपनं खाली वाकून टोस्ट उचलला, बाजूला ठेवला आणि नवा काढला. ‘‘संध्याकाळी ये,’’ तो म्हणाला. ‘‘तुला चार अंडी देतो. सगळ्यांना देतो. संध्याकाळी.’’

सार्जंट हसला. त्या हसण्यात राग नव्हता आता. ‘‘संध्याकाळी? पॉप, नवा आहेस का तू? चालत गेलेला माणूस या जहाजावर परत येत नाही. मी संध्याकाळी आलो तर आडवा येईन.’’

‘‘माहीत आहे मला,’’ पॉप म्हणाला. दिव्याखालच्या टेबलाकडे त्यानं बोट केलं, जिथला रंग गेला होता. ‘‘आडवा येशील म्हणूनच टोस्ट देतोय रे बाबा.’’

सार्जंटनं त्या टेबलाकडे बघितलं, वरच्या दिव्याकडे बघितलं, आणि मग बराच वेळ पॉपच्या चेहऱ्याकडे. काय समजायचं ते समजला असणार. त्यानं टोस्ट घेतला, त्यावर जाम लावला, आणि मागच्या रांगेला म्हणाला, ‘‘चला, चला, पुढे सरका. थंड होतोय.’’